कौलावरची बोटं

खानापूरच्या भट्टीतून भरलेला ट्रक,
थरांमध्ये भाताचं पिंजर,
आणि केबिनमध्ये, गिअरच्या अलीकडं, मी.
नऊ वर्षांची. मांडीवर पिशवी.

आजा दस्तगीरमामाला म्हणाला होता,
गोकाकात माल उतरेपर्यंत हिला भेटवून आण.
रडली तर रडू दे.
मामा म्हणाला, रडायला वेळ कुठला,
गणेबैलला टायर बघायचाय, देसूरला चहा.

पिशवीत एक कौल होतं. फुटकं नव्हे, नाकारलेलं.
आई भट्टीवर ओली कौलं उचलायची,
एकावर तिची चार बोटं उमटली
आणि तशीच भाजून निघाली.
मुकादमानं फेकलं, तिनं घरी आणलं.
ती गेल्यावर मी त्या खळग्यांत बोटं ठेवून झोपायची.
हे कुणाला ठाऊक नव्हतं.

पिरनवाडीपुढं एका पाटीवर डांबर फासलेलं.
खाली कुठली अक्षरं होती, कोण जाणे.
मला एकच लिपी यायची, तीही जोडाक्षरं सोडून.
मामा म्हणाला, तिथं विचारायचं, नम्मव्व एल्लि?
नम्मव्व म्हणजे?
आमची आई.
आमची नव्हे, माझी.
तो हसला, हॉर्न उगाचच वाजला.
कन्नडात आई एकट्याची नसते गं पोरी.

अंकलगीपर्यंत मी तेच घोकलं.
उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो तेव्हा
क्लीनर यल्लाप्पा माझे उच्चार सुधारत होता
आणि सोललेल्या शेंगा माझ्या ओंजळीत टाकत होता.
धबधब्याला पाणी नव्हतं. नुसता काळा खडक,
त्यावर गिरणीचा भोंगा.

शेवंता? गल्लीत कुणी ओळखेना.
मामानं कन्नडात सांगून बघितलं. माना हलल्या.
मग मी डाव्या भुवईवर बोट ठेवलं,
तिथं तिला भट्टीचा चटका होता.
नळावरची बाई ओरडली, अय्यऽ, शांतव्वा!
एवढ्या लांब येऊन मला आईचं नाव कळलं.

दारात एक पोरगा होता. तीनेक वर्षांचा,
उघडानागडा, तोंडाला गूळ.
मी एका दमात म्हटलं, नम्मव्व एल्लि?
त्यानं आत बोट दाखवलं.
त्याला त्यात काही नवल वाटलं नाही.

ती पिठाच्या हातांनी बाहेर आली.
आधी मामाकडं बघितलं, मग पिशवीकडं,
मग माझ्या पायांकडं.
"चप्पल खट्टे तुझी?"
केबिनमध्ये राहिली होती.
तेवढंच ती आमच्या बोलीत बोलली.
बाकी सगळं मामाशी, कन्नडात, भराभर,
मध्ये मध्ये भाकरी थापल्याचा आवाज.
मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.
पोरगा माझ्या ताटात हात घालत होता. घालू दिला.

निघताना तिनं करदंटाचा पुडा दिला
आणि काहीतरी म्हणाली.
ट्रक चालू होता. ये म्हणाली की येऊ नको,
ते अजून ठरलेलं नाही.

कौल मी बाहेर काढलंच नाही.
रिकाम्या ट्रकचा खडखडाट भरलेल्याहून जास्त असतो.
मामा म्हणाला, रडली नाहीस की.
मी म्हणाले, नम्मव्वला स्वयंपाक होता.

गेल्या मार्गशीर्षात तो पोरगा आला,
मिशीवाला, लग्नपत्रिका घेऊन, मोटारसायकलवर.
पत्रिका कन्नडात. आईचं नाव त्यानं बोटानं दाखवलं.
मी ताक दिलं. मला त्याची भाषा मोडकी येते,
त्याला माझी येत नाही म्हणाला.
खिडकीतलं कौल बघून त्यानं न विचारता
त्यात बोटं ठेवली. मावली नाहीत.
माझीही कधीपासून मावत नाहीत.

जाताना त्याची एक चप्पल सापडेना,
कुत्र्यानं पळवली होती.
माझ्या तोंडून गेलं, खट्टे काढलीस रे?
खट्टे, खट्टे, म्हणत तो पायरीवर बसूनच हसायला लागला.
तो शब्द त्याला घरातून ठाऊक होता.